विश्लेषण : ऑनलाइन खेळातील गाव कोणाच्या नावावर? महापौर, कर आणि डिलाईल रोडवरील गावकीच्या खोल्या

माइनक्राफ्टसारख्या ऑनलाइन खेळात मुले एकत्र येऊन गावे वसवतात, कर गोळा करतात, महापौर मानतात आणि भांडण झाले की वेगळे गावही काढतात. घरच्यांना मात्र स्क्रीनसमोर बसलेले मूल तेवढे दिसते. या गावांचा कारभार कसा चालतो, त्यातून मुले काय शिकतात आणि कोणता धडा राहून जातो, हे समजून घेण्यासारखे आहे. डिलाईल रोडसारख्या भागात तर अधिकच. कारण गिरणगावातल्या माणसांनी गाव वसवण्याचा हाच उद्योग १६० चौरस फुटांच्या खोल्यांमध्ये केला होता, आणि त्यातला सर्वांत अवघड प्रश्न आज पुनर्विकासाच्या कागदांवर पुन्हा उभा आहे.

खेळात गाव वसते म्हणजे काय?

माइनक्राफ्ट हा स्वीडनच्या मोजांग कंपनीचा खेळ. २००९ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला, २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना मोजांग विकत घेतली. खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. यातले जग ठोकळ्यांचे असते. माती खणायची, लाकूड तोडायचे, दगड जमवायचे आणि हवे ते बांधायचे.

एकट्याने खेळताना प्रश्न येत नाहीत. एकाच जगात शेकडो जण उतरले की येतात. मी बांधलेले घर रात्री कोणी पाडले तर? माझ्या पेटीतले लोखंड कोणी उचलले तर? दुसऱ्याच्या मेहनतीची मुद्दाम नासधूस करण्याला खेळाडू ‘ग्रीफिंग’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणून अनेक सर्व्हरांवर ‘टाउनी’ नावाची जोड-प्रणाली बसवलेली असते. तिने जमिनीचे १६ बाय १६ ठोकळ्यांचे तुकडे पडतात. खेळातले चलन भरून एखादा खेळाडू गाव स्थापन करतो, एकेक तुकडा गावाच्या नावावर करतो आणि इतरांना रहिवासी म्हणून बोलावतो. अनेक गावे मिळून ‘राष्ट्र’ही होते. ‘अर्थएमसी’ या सर्व्हरवर तर जगाच्या नकाशावरच अशी गावे आणि राष्ट्रे वसलेली आहेत.

गावाचा कारभार कसा चालतो?

या प्रणालीचा गाभा आहे परवानगी. प्रत्येक तुकड्यावर चार गोष्टींची मुभा वेगवेगळी देता येते : बांधणे, तोडणे, दारे-कळा वापरणे आणि वस्तू वापरणे. ती कोणाला द्यायची, हेही ठरवता येते. मित्रांना, गावच्या रहिवाशांना, मित्रगावांना की परक्यांना? ज्याला परवानगी नाही त्याचा हात त्या भिंतीला लागतच नाही. पोलीस, कुलूप, न्यायालय यांची गरज उरत नाही. नियम संगणकच पाळून घेतो.

दुसरा भाग पैशांचा. गावाची स्वतःची तिजोरी असते. खेळातला ‘नवा दिवस’ उजाडला की रहिवाशांकडून कर वसूल होतो आणि गावाला देखभाल खर्च भरावा लागतो. सर्व्हरने तसे ठरवले असेल, तर गाव जितके पसरेल तितका हा खर्च वाढतो. रहिवाशाला कर भरता आला नाही, तर त्याला गावातून बाहेर पडावे लागते किंवा त्याचा भूखंड जातो. तिजोरी रिकामी पडली तर गावच मोडते. काही सर्व्हरांवर मोडलेले गाव ठरावीक काळ भग्नावस्थेत राहते आणि त्या मुदतीत कोणी पैसे भरून ते सावरू शकतो. नाही सावरले, तर जमीन पुन्हा मोकळी आणि घरे कोणीही फोडावीत.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे सगळे तोंडपाठ असते. किती भूखंड घेतले तर कर किती लावावा लागेल, हा हिशेब तो मनात करतो. बाजारपेठेचे भूखंड कोणाला द्यायचे, रस्ता किती रुंद ठेवायचा, नव्या माणसाला लगेच बांधकामाची परवानगी द्यायची की आठवडाभर थांबवायचे, यावर तासन्‌तास चर्चा होते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला स्थानिक स्वराज्य संस्थांचा धडा ज्याला कंटाळवाणा वाटतो, तोच मुलगा खेळात अर्थसंकल्प मांडत असतो. या शिकण्याची थट्टा करण्याचे कारण नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण महापौराच्या खुर्चीत आहे. टाउनीमध्ये जो गाव स्थापन करतो तो महापौर. मूळ प्रणालीत निवडणुकीची सोय नाही. महापौराला कार्यकाळ नाही. तो साहाय्यक नेमू शकतो, कर वाढवू शकतो, रहिवाशाला काढून टाकू शकतो आणि हवे तेव्हा गाव मोडूही शकतो. पद दुसऱ्याकडे जाते ते त्याने स्वतः सोपवले तर. किंवा तो इतके दिवस फिरकला नाही की सर्व्हरने त्याचे खातेच काढून टाकले, तर नियमाप्रमाणे साहाय्यकाकडे. दोनशे तास खपून नगरभवन बांधणारा रहिवासी आणि काल आलेला रहिवासी, महापौरापुढे दोघांचा अधिकार सारखाच : शून्य.

महापौराच्याही वर सर्व्हरचा मालक बसलेला असतो. त्याला ‘अ‍ॅडमिन’ म्हणतात. सर्व्हरचे भाडे तो भरतो, नियम तो लावतो, कोणाला कायमचे हाकलायचे हे तोच ठरवतो. त्याने भाडे भरणे थांबवले, की सगळी गावे, सगळी राष्ट्रे एका दिवसात नाहीशी.

चाळीच्या अंगणात क्रिकेट खेळलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. बॅट ज्याची, पहिली बॅटिंग त्याची. आणि तो रुसून घरी गेला की सामना संपला. फरक एवढाच की सामना तासाभराचा असतो, उद्या दुसऱ्याची बॅट आणता येते. खेळातले गाव दोन-दोन वर्षे बांधले जाते आणि ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

डिलाईल रोडचा याच्याशी काय संबंध?

आजचा ना. म. जोशी मार्ग म्हणजे जुना डिलाईल रोड. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि १९२० च्या ‘आयटक’च्या स्थापनेतही ते आघाडीवर होते. त्याच १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि पुढच्या पाच-एक वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण इमारती २०७. त्यांपैकी ३२ डिलाईल रोडला. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, मजल्यावर सामायिक शौचालये.

चाळी सरकारने बांधल्या, पण त्यांतला कारभार माणसांनी उभा केला. कोल्हापूर, सातारा आणि कोकणातून गिरणीत आलेला गडी एकटा खोली घेऊ शकत नव्हता. मग गावच खोली घ्यायचे. ‘गावकीची खोली’ किंवा ‘गावाची खोली’ म्हणून ती ओळखली जायची. एका खोलीत वीस, तीस, कधी त्याहूनही जास्त जणांचे बिऱ्हाड. प्रत्येकाला एक खुंटी, एक ट्रंक आणि वळकटीपुरती जागा. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याने सोडलेली जागा त्याची. जेवण खानावळीत. दरमहा वर्गणी ठरलेली. त्यातून भाडे जायचे, उरलेल्या पैशांतून गावच्या देवळाला, शाळेला, जत्रेला मदत जायची. कोणी आजारी पडला, नोकरी गेली, तर त्याची वर्गणी काही महिने थांबवायची की नाही, हे बैठकीत ठरायचे. गावाहून नवा पोरगा आला तर त्याची हमी कोणीतरी घ्यायचा.

साताऱ्यातील सुगाव या गावाचा आणि तिथून मुंबईला जाणाऱ्या पुरुषांचा अभ्यास हेमलता दांडेकर यांनी केला. तो १९८६ मध्ये ग्रंथरूपात आला. मुंबईत कमावणारे पुरुष आणि गावात शेत-घर सांभाळणाऱ्या बायका असा तो दुपेडी संसार होता. गावाचा एक पाय मुंबईच्या खोलीत आणि दुसरा शिवारात.

खेळातल्या गावाशेजारी ही खोली ठेवून पाहिली तर साम्य चटकन दिसते : रहिवासी, कर, प्रवेशाचे नियम, सामायिक तिजोरी. पण एक मोठा फरक आहे. खेळात कर थकला की संगणक माणसाला काढून टाकतो. कारण विचारत नाही. खोलीत वर्गणी थकली तर बैठक बसायची. ‘त्याच्या बायकोचं बाळंतपण आहे, दिवाळीपर्यंत थांबा’ असे कोणी म्हणायचा आणि थांबले जायचे. नियम वाकवायचा की नाही, हे ठरवण्यासाठी माणसांना एकमेकांशी बोलावे लागते. कारभार शिकतो तो माणूस इथे शिकतो. संगणकाने परस्पर वसुली केल्यावर हे बोलणेच टळते.

या खोल्यांचे उदात्तीकरणही नको. गावातली जात आणि भावकी खोलीतही आली होती. कारभारी सहसा ठरलेल्या घरांतला असे. बायका रजिस्टरात नव्हत्याच. खानावळी चालवून शेकडो गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना स्वतःची संघटना मिळाली ती १९७५ मध्ये, प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केल्यावर. ज्यांच्या श्रमावर गाव चालते त्यांना कारभारात जागा नसते, ही गोष्ट खेळाने नव्याने शोधलेली नाही.

खोली कोणाच्या नावावर?

हा प्रश्न त्या काळात फारसा कोणी विचारला नाही. भाडे भरले जात होते, माणसे येत-जात होती. भाडेपावती बहुतेक वेळा कोणा एकाच्या नावावर असायची. व्यवहारात खोली पन्नास घरांची. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. अनेक जण गावी परतले. खोल्या राहिल्या. परळच्या केईएम किंवा टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणारे, परीक्षेला किंवा नोकरीच्या शोधात येणारे गावकरी तिथे उतरू लागले.

मग पुनर्विकास आला. म्हाडामार्फत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकी हक्काचे घर. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ घरे रहिवाशांना मिळाली. पात्रता ठरवताना कागद पाहिला जातो, आणि कागदावर नाव असते त्याला घर मिळते. एका कुटुंबाची खोली असेल तर ठीक. गावाची असेल, तर दोन-तीन पिढ्यांनी भरलेल्या वर्गणीचे काय? पावती ज्याच्या आजोबांच्या नावावर होती तो नातू भला माणूस असेल तर घर गावाचेच राहते. नसेल तर गावाच्या हाती फार काही नसते. ज्या गावांनी वेळीच मंडळाची नोंदणी केली, वह्या जपल्या, ठराव लिहून ठेवले त्यांच्याजवळ निदान बोलायला आधार आहे. जिथे सारे तोंडी विश्वासावर चालले, तिथे भांडण भावकीत शिरते.

खेळातल्या महापौराची खुर्ची ही नेमकी हीच गोष्ट आहे. सगळ्यांनी बांधायचे आणि नाव एकाचे. खेळात नुकसान ठोकळ्यांचे असते म्हणून ते सोसवते. पण सवय लागते ती हीच की गाव चांगले चालले आहे तोवर नाव कोणाचे हे विचारायचे नसते.

जगात इतरत्र काय झाले?

खेळातल्या गावांना निवडणुका मानवत नाहीत, असे मुळीच नाही. ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ हा ऑनलाइन खेळ २००३ मध्ये आला. त्यात खेळाडूंना शहरे वसवता येत. महापौर रहिवाशांच्या मतदानाने निवडला जाई, ठरावीक काळाने पुन्हा निवडणूक लागे आणि शहराच्या देखभालीसाठी कर गोळा करावा लागे. रहिवासी घटले की शहराचा दर्जाही घटे. म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीच ही सोय करून झाली होती. पण १५ डिसेंबर २०११ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि निवडून आलेले महापौर व निवडून न आलेले महापौर सारखेच बेघर झाले. शहरापुरती लोकशाही होती. शहर ज्या जमिनीवर उभे होते तिच्यावर नव्हती.

आइसलँडच्या सीसीपी कंपनीने ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळ खेळात दुसरी वाट धरली. २००८ पासून तिथे खेळाडू मतदानाने एक परिषद निवडतात आणि ती कंपनीशी थेट बोलते. परिषदेला निर्णयाचा अधिकार नाही, फक्त सल्ल्याचा. तरीही २०११ मध्ये खेळातल्या महागड्या वस्तूंच्या विक्रीवरून खेळाडू खवळले, तेव्हा कंपनीला या परिषदेची तातडीची बैठक रेक्याविकमध्ये बोलवावी लागली. जाब विचारायला ओळखीचे, निवडलेले तोंड असले की सल्लागार मंडळालाही वजन येते.

तिसरे उदाहरण खऱ्या शहरांचे आहे. २०१२ मध्ये मोजांग आणि संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला. वस्तीतली मुले, बायका, वृद्ध माइनक्राफ्टमध्ये आपल्या मैदानाचा किंवा चौकाचा आराखडा करतात आणि तो पुढे वास्तुरचनाकारांकडे जातो. नैरोबीपासून अनेक शहरांत तो राबवला गेला. नकाशा वाचता न येणारा माणूसही ‘दिवा इथे हवा’ हे बोट ठेवून सांगू शकतो, हे त्याचे मोठे यश. मात्र दिवा लागल्यावर त्याचे बिल कोण भरणार आणि तो बंद पडला तर कोणाकडे जायचे, हे आराखड्यात येत नाही. बांधणे आणि चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

मुलांनी प्रत्यक्षात कोणता कारभार पाहिला?

खेळाला दोष देण्याआधी मुलांच्या आसपासचे शहर पाहायला हवे. मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. त्यानंतर मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळपास चार वर्षे २२७ प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता. आज पंधरा वर्षांचा असलेला मुलगा त्या वेळी अकरा-बारा वर्षांचा होता. पाणी, कचरा, खड्डे हे विषय कळू लागण्याच्या वयात त्याने पाहिले ते निवडून न आलेल्यांनी चालवलेले शहर. जी-दक्षिण विभागाचे कार्यालय याच ना. म. जोशी मार्गावर आहे. पण तिथे अर्ज घेऊन जाणाऱ्याला सोबत न्यायला नगरसेवक नव्हता.

त्यात मुंबईच्या महापौराचे पद मुख्यतः मानाचे. कार्यकारी अधिकार १८८८ च्या महापालिका कायद्यानुसार आयुक्तांकडे, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. खेळातला महापौर सर्वाधिकारी, शहरातला महापौर अधिकारहीन. दोन्ही ठिकाणी मुलाला कळते ते एवढेच की खरी सत्ता निवडणुकीतून येत नाही. एकीकडे ती जागा आधी घेणाऱ्याकडे असते आणि दुसरीकडे वरून नेमलेल्याकडे. हा समज खेळाने एकट्याने दिलेला नाही. म्हणूनच तो खेळ बंद करून जाणारही नाही.

‘खेळच तर आहे’, या आक्षेपाचे काय?

आक्षेप योग्य आहे. मुलांच्या प्रत्येक खेळातून काहीतरी शिकवण्याचा मोठ्यांचा हव्यास खेळच मारून टाकतो. माइनक्राफ्टचे गाव हे नागरिकशास्त्राचे प्रात्यक्षिक झाले, की मुले दुसऱ्या खेळाकडे वळतील, आणि त्यांचे बरोबरच असेल.

शिवाय खेळातल्या गावाची एक जमेची बाजू आहे : तिथून निघून जाता येते. महापौर जाच करू लागला तर उद्या दुसरे गाव. खोलीतल्या कामगाराला हे सोपे नव्हते. गावकीशी भांडला तर मुंबईत छप्पर गेले आणि गावी तोंड दाखवायची चोरी. निघून जाण्याची मोकळीक ही छोटी गोष्ट नाही.

पण हीच मोकळीक शिकण्याच्या आड येते. निघून जाता येते म्हणून भांडण सोडवावे लागत नाही. रुसलेले पाच जण नवे गाव काढतात, तिथेही एक जण महापौर होतो आणि तेच पुन्हा घडते. खऱ्या आयुष्यात इमारत सोडून जाता येत नाही. बीडीडी चाळीतली कुटुंबे उंच इमारतींत जात आहेत. तिथे लिफ्ट आहे, पंप आहे, अग्निशमन यंत्रणा आहे, वाहनतळ आहे. या सगळ्याचा देखभाल खर्च हा रहिवाशांच्या आजच्या चिंतेचा विषय आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत उभे राहून हिशेब मागणारा, आणि हिशेब मागणाऱ्यावर न चिडता तो देणारा, अशी माणसे दर इमारतीत लागणार आहेत. ती आज खेळात गाव चालवणाऱ्या मुलांतूनच यायची आहेत.

मग करायचे काय?

फार काही नाही, आणि तेही मुलांनीच करायचे. गाव वसवतानाच चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. पहिली, महापौर किती दिवसांसाठी? टाउनीत पद दुसऱ्याकडे सोपवता येते. म्हणजे निवडणूक प्रणालीबाहेर घेऊन निकालाप्रमाणे पद सोपवणे शक्य आहे. दुसरी, तिजोरीतून काय खर्च झाला हे आठवड्याला सगळ्यांसमोर मांडायचे. गणेशोत्सव मंडळाच्या जमाखर्चाचा फलक या मुलांनी पाहिलेला असतो; तसाच तो गावच्या चौकात लावता येतो. तिसरी, कोणाला काढायचे असेल तर आधी त्याचे म्हणणे ऐकायचे. चौथी, गावाची प्रत. सर्व्हर बंद पडला तरी बांधलेले हरवू नये म्हणून नकाशाची प्रत अधूनमधून रहिवाशांना द्यायची, असे अ‍ॅडमिनकडून आधीच कबूल करून घ्यायचे.

यातली एक अडचण मुलांच्या लवकर लक्षात येईल. हरलेल्या महापौराने पद सोडलेच नाही तर? लिहिलेला नियम त्याला हलवू शकत नाही. तेव्हा अ‍ॅडमिनकडे जावे लागेल, आणि अ‍ॅडमिन निःपक्षपाती आहे का, हा पुढचा प्रश्न येईल. गृहनिर्माण संस्थेला उपनिबंधक का लागतो, मंडळाला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी का करावी लागते, याचे उत्तर इथे सापडते. ते भाषणातून कळण्यापेक्षा असे अडखळून कळलेले बरे.

पालकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली आहे ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर. माइनक्राफ्टसारखे खेळ त्यात येत नाहीत. तेव्हा ‘सरकारने बंद केले’ असे सांगून मुलाला उठवू नये. त्याला खरे काय ते माहीत असते. मात्र खासगी सर्व्हर अनोळखी माणसे चालवतात. तिथे बोलणारे कोण आहेत, मुलाकडून खरे पैसे कशासाठी मागितले जात आहेत, हे विचारलेच पाहिजे. पैसे घेऊन खेळात वरचढपणा विकायला मोजांगच्या नियमांत मनाई आहे, हे मुलालाही ठाऊक असावे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची अट २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात आहे; पण भाड्याने घेतलेला छोटा सर्व्हर चालवणाऱ्याकडून ती पाळली जाईल, या भरवशावर राहू नये.

आणि एक प्रश्न मुलाला विचारण्यासारखा आहे. ‘किती वेळ खेळणार?’ हा रोज विचारला जातो. त्याचे उत्तरही ठरलेले आहे. त्याऐवजी ‘तुमचं गाव कोणाच्या नावावर आहे?’ असे विचारून पाहावे. मुलाला उत्तर देता येईल. त्यानंतर तो घरच्यांना आपल्या खोलीच्या पावतीबद्दल तेच विचारू शकतो, आणि डिलाईल रोडवरच्या पुष्कळ घरांत त्याचे उत्तर आजही सोपे नाही.